मामांचा डाग दिसला

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला वाकून नमस्कार, आणि तुमच्या इस्तरीला चार हात लांबून. मी खुशाल आहे. तुमची कंबर कशी आहे, उजवा खांदा अजून धरतो का, आणि दुकानातला पंखा दुरुस्त करून घेतलात की अजून काठीने ढकलूनच सुरू करता, ते कळवा. डोळ्यांची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण हे अख्खं पत्र त्यांचीच चौकशी आहे. मामीची तब्येत उत्तम असल्याचं मला परवा तिच्या फोनवरून समजलं. (फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी समजलं.)

मामीने मला सक्त ताकीद दिली आहे की यापुढे मोबाइलवर तुटक निरोप पाठवायचे नाहीत. जे काय सांगायचं ते कागदावर, अथपासून इतिपर्यंत आणि माणसांच्या भाषेत. म्हणून हा पत्रप्रपंच. माझ्या ज्या निरोपामुळे मामी चादरींच्या गठ्ठ्यावर मट्‌कन बसली, समोरचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून सांत्वनाला धावला आणि कित्येक वर्षं अबोला धरलेल्या आत्याने आपण होऊन फोन केला, तो निरोप एवढाच होता: ‘मामांचा डाग दिसला.’ मामा, देवाशपथ सांगते, मी तो आनंदाने पाठवला होता. आमच्या धंद्यात याहून गोड वाक्य नाही. पण तुमच्या घरात डाग म्हणजे काय ते मी विसरले. तुमच्या तर दुकानावर पाटीच आहे, ‘येथे डाग राहत नाही.’ आणि मामीच्या डोक्यात डाग म्हटलं की एकच, एक्स-रेवरचा, ज्याच्याबद्दल डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात. आता या शब्दाचंही बघा. आजी पाटली-बांगडीला डाग म्हणायची, ‘एक डाग तरी अंगावर असू दे गं’ म्हणून माझ्या मागे असायची. हमाल ट्रंकेला डाग म्हणतो. अब्रूवर पडतो तो डाग, शर्टावर पडतो तो डाग, आणि तुमची भाची शिकूनसवरून सरकारी पगारावर दिवसभर पाडते तोही डागच. मामीने यातला नेमका नको तो उचलला, यात तिची चूक नाही. चूक मराठीची आहे, आणि थोडी माझी.

तर मूळ मुद्दा. तुमच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, सकाळी पापणी उघडताना खरवडल्यासारखं वाटतं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला तपासलं. त्या काय म्हणाल्या ते तुम्ही घरी ‘वाफेने होतं म्हणे’ एवढंच सांगितलंत, असं मामीकडून कळलं. मामा, त्या दोन गोष्टी म्हणाल्या होत्या. एक तर अश्रू तयार करणारी ग्रंथी नुसती थकलेली आहे. तसं असेल तर थेंब घालायचे, वाफेसमोर चष्मा लावायचा आणि दुकान चालू. नाहीतर ती ग्रंथीच बंद पडत चालली आहे. तसं असेल तर वाफ बंद, भट्टी बंद, इस्तरी बंद, आणि मोठी औषधं चालू. आणि दुकान बंद झालं तर तुमचं काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुम्ही पाहुण्यांचे रुमाल मागून घेऊन इस्तरी करता.

दोन्हींपैकी कुठलं, हे ठरवायला त्यांनी तुमच्या अश्रूंत एक विशिष्ट प्रथिन शोधायला मला सांगितलं. त्याचं खरं नाव आगगाडीएवढं लांब आहे. आम्ही त्याला ‘लाजरी’ म्हणतो, कारण धडधाकट डोळ्यातसुद्धा ते नावापुरतं असतं आणि सहसा तोंड दाखवत नाही. लाजरी असली तर ग्रंथी जिवंत. नसली तर मी वर लिहिलं ते. आता तुमच्या डोळ्याखाली ती कागदाची बारीक पट्टी ठेवली होती आठवतंय? तुम्ही पुतळ्यासारखे बसलात आणि पट्टी जेमतेम टोकाला ओली झाली. (मामीने मात्र पट्टी डोळ्यापर्यंत पोचायच्या आत भिजवून दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी डोळ्याचा नमुना शेजारी हवाच, तो हाच.) पुन्हा यायला तुम्ही तयार नव्हता, बस्त्याचे कपडे पडलेत म्हणालात. तेव्हा तुमचा तो टोकभर ओलावा एवढंच माझं भांडवल. त्याचे मी दोन वाटे केले. म्हणजे संधी दोनच.

तुम्ही जाताना म्हणाला होतात, अश्रूंत बघण्यासारखं असतं काय, पाणी आणि मीठ. मामा, मीही कधीकाळी तसंच समजत होते. एका थेंबात शेकडो तऱ्हेची प्रथिनं असतात. कुणी जंतूंना मारणारं, कुणी डोळा ओला ठेवणारं, कुणी नुसतंच कशाला आलं ते अजून कुणाला कळलेलं नाही असं. आम्ही काय करतो, तर दोन काचांच्या मध्ये एक पापुद्रा घट्ट करतो. तुमची खळ गार होऊन थिजते ना, तसाच, फक्त पारदर्शक. त्याच्या वरच्या कडेला खळगे असतात, त्यात थेंब सोडायचा आणि वीज चालू करायची. मग सगळी मंडळी खाली पळायला लागतात. सडपातळ असतात ती पापुद्र्यातून सुळकन पुढे जातात, आडव्या अंगाची मागे अडकतात. थोड्या वेळाने वीज बंद केली की प्रत्येक जण आपापल्या जागी उभा. इतका वेळ एकत्र मिसळलेली, एकमेकांपासून वेगळी न करता येणारी माणसं आपण होऊन वजनाप्रमाणे रांगेत उभी राहतात, हे मी रोज बघते आणि रोज माझ्या अंगावर काटा येतो. आणि यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. पापुद्रा कोराच्या कोरा. सगळे आत उभे आहेत आणि तुम्ही काचेवर नाक लावून बघता तर कुणीच नाही. म्हणून डाग पाडावा लागतो. कुठला पाडायचा, यावरून आमच्याकडे भावाभावांत फूट पडावी तशी भांडणं आहेत.

आमच्या नीळताईंचा निळ्या रंगावर विश्वास. (हे मी ठेवलेलं नाव. त्यांच्या नखांपासून डब्याच्या झाकणापर्यंत सगळं निळं असतं.) निळा रंग प्रामाणिक, त्या म्हणतात. जितकं असेल तितकंच दाखवतो, फुगवून सांगत नाही, थयथयाट करत नाही. तुम्हाला ऐकून बरं वाटेल, हा निळा मुळात लोकरीचे कपडे रंगवायला काढलेला. कुणाला तरी वाटलं, लोकर म्हणजे प्रथिनच, मग हा बाकीच्या प्रथिनांनाही धरेल. आणि त्याने धरलं. म्हणजे तुमच्या-माझ्या धंद्याचं आजोळ एकच. मी आधी मामीचा थेंब पाण्याने चिकार पातळ करून, म्हणजे तुमच्या थेंबाइतका दुबळा करून, निळ्यात टाकून पाहिला. मोठी मोठी मंडळी निळीशार उठून दिसली. लाजरीच्या जागी काही नाही. नीळताईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, “असेल, पण निळ्याला एवढीशी दिसायची नाही.” आपल्या माणसाबद्दल असं कबूल करायला धैर्य लागतं. मी त्यांना चहा पाजला.

मग चांदी. आमच्याकडे एक सहकारी आहे, दाढीवाला, त्याला आम्ही चांदीवाला म्हणतो. तो हळू बोलतो, पण सगळ्यांना ऐकवतो. त्याचं म्हणणं, निळा रंग म्हणजे झोपेत पहारा. बघायचं असेल तर चांदीने बघा. आणि खरं सांगते मामा, चांदीचा डाग उमटताना बघणं हा एक सोहळा आहे. पापुद्रा चांदीच्या पाण्यातून काढायचा, मग दुसऱ्या पाण्यात बुडवायचा आणि ताटली हलवत राहायचं. आधी काही नाही. मग पिवळसर छटा. मग कुठून तरी एक तपकिरी रेघ, दुसरी, दहावी, जणू आत कुणी बसून लिहितंय. योग्य क्षणी आंबट पाणी ओतून थांबवायचं, नाहीतर सगळं काळंठिक्कर. मी श्वास धरून उभी होते. आणि तुमच्या रांगेत, नेमक्या लाजरीच्या जागी, रेघ आली. मी ताटली हातात असतानाच दुसऱ्या हाताने मामीला तो निरोप पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मला पुढचं नंतर कळलं. चांदीचा दोष असा की ती सगळंच बघते. पापुद्र्याच्या कोपऱ्यात एक मोठा तपकिरी ठसा उमटत होता, गोल गोल रेघांचा. मी म्हटलं हे कुठलं प्रथिन. चांदीवाला वाकून बघून म्हणाला, “तुझा अंगठा.” हातमोजा फाटला होता. इतकी पदव्यांची भेंडोळी घेऊन शेवटी अंगठाबहाद्दर. पण अंगठ्याचं काही नाही, रडू आलं ते पुढे. मामीचा खळगा मी तुमच्या शेजारी घेतला होता आणि तिच्या दुसऱ्या बाजूची रांग मुद्दाम रिकामी सोडली होती. त्या रिकाम्या रांगेतही तीच रेघ. काही टाकलेलंच नाही तिथे, आणि रेघ. नीळताईंनी तिच्यावर बोट ठेवलं. मामीचा थेंब भरताना तो खळग्यात मावला नव्हता आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे गेला होता. म्हणजे तुमच्या रांगेत दिसली ती मामी. संसारात जे झालं तेच पापुद्र्यावर झालं, एवढंच. पण तुमचा एक वाटा संपला, आणि तुमचं काही आहे की नाही ते कळलंच नाही. त्याच वेळी फोन वाजला आणि मामी ओरडून विचारायला लागली, कुठल्या अवयवावर.

आता दुसरा वाटा, म्हणजे शेवटचा. निळ्याला दिसणार नाही. चांदीला दिसेल, पण चांदीने बघितलेलं तिथेच अडकून बसतं, आणि डॉक्टरीणबाईंना ती रेघ कापून पुढे पाठवायची होती, खरीच लाजरी आहे की तिच्या नात्यातली कुणी हे पडताळायला. अंधारात चमकणारा एक भारी रंग आहे, पण तो बघायची दिव्याची पेटी सध्या दुरुस्तीला गेली आहे. (ती दुरुस्तीहून कधी आली तर ती बातमी मी निरोपाने कळवणार नाही.) राहिला एकच, जस्ताचा. तो आमच्याकडे कुणी वापरत नाही, कारण तो उलटा आहे. म्हणजे पडतो तो सगळीकडे, आणि जिथे प्रथिन असतं तिथेच पडत नाही. चांदीवाला म्हणाला, “एवढासा थेंब आणि त्यावर असला उफराटा प्रकार?” नीळताई म्हणाल्या, “विचार कर.” दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होते आणि मी दुसऱ्या. निवड मलाच करायची होती. मला तुमची इस्तरी दिसत होती मामा, गार पडलेली. मी आधी नवे हातमोजे घातले, तुम्हाला एका टोकाच्या खळग्यात आणि मामीला पार दुसऱ्या टोकाला बसवलं. लग्नानंतर तुम्ही दोघं इतके लांब कधी बसला नसाल.

वीज देऊन झाली. पापुद्रा काढला. पहिल्या पाण्यात ठेवला, काही नाही, तिथे काही व्हायचंही नसतं. मग जस्ताचं पाणी ओतलं. आणि मामा, तो पापुद्रा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा व्हायला लागला. काचेसारखा होता तो दुधासारखा झाला, कडेकडून नाही, सगळीकडून एकदम. खाली काळं काही हवं होतं, नाहीतर दिसत नाही. सापडेना, तेव्हा नीळताईंनी आपली काळी छत्री मिटून टेबलावर आडवी ठेवली आणि मी काचेची ताटली तिच्यावर धरली. पांढऱ्यात मामीची रांग दिसली, नुसत्या खिडक्याच खिडक्या, एकीखाली एक, सगळ्या उघड्या, आणि प्रत्येकीतून छत्रीचा काळा रंग. मग तुमची रांग. वर एक रुंद खिडकी, तिच्याखाली दोन बारीक. मग बराच वेळ नुसतं पांढरं. मी खाली सरकत गेले. आणि जिथे असायला हवी तिथे, केसाएवढी, पांढरं पडलेलं नाही अशी एक रेघ. मी ताटली तिरकी केली, ती तिथेच. शेजारची रिकामी रांग बघितली, सलग पांढरी. मी आयुष्यभर डाग पाडून वस्तू बघत आले, आणि ही, डाग जिथे पडला नाही तिथे उभी होती. सगळीकडे पसरणाऱ्या जस्ताला तिने एवढ्याशा जागेवरून परतवलं होतं. ती आहे हे मला तिच्या नकाराने कळलं. चांदीवाला वाकून बघायला आला. नीळताई म्हणाल्या, “माझी छत्री धन्य झाली,” आणि खिडकीकडे गेल्या. मग मी पांढरं वाढायच्या आत सगळं साध्या पाण्यात घातलं. आणखी ऐका, हा डाग वाटलं तेव्हा धुऊनही काढता येतो, एका पाण्यात तो पांढरेपणा उतरतो आणि पापुद्रा पुन्हा काचेसारखा. तुमच्या पाटीवरचा शब्द पाळणारा असा डाग जगात आहे, आणि तो तुमच्या भाचीने तुमच्यासाठी वापरला, याचा मला इतका आनंद आहे की मी तो कुणाला निरोपाने कळवू शकत नाही.

तेव्हा मामीला सांगा, एक्स-रे, फुफ्फुस, मेंदू असं काही नाही. शिंप्यालाही सांगा. आत्याला मात्र लगेच सांगू नका, ती फोन करतेय तोवर करू दे. चष्मा दुकानात असताना काढू नका. इथे बाकी सर्व ठीक. काळजी घ्या.

तुमची,
डाग पाडून पोट भरणारी भाची

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. डॉक्टरीणबाईंनी ती रेघ पाहिली. खूप वेळ पाहिली. मग म्हणाल्या, “आहे. पण फार फिकी आहे. एका केसाएवढ्या रेघेवर मी कुणाचं दुकान चालूही ठेवणार नाही आणि बंदही करणार नाही. मामांना पुन्हा घेऊन या.” तर मामा, एवढं मोठं पत्र मी त्यासाठीच लिहिलं. या. बस्त्याचे कपडे मामी बघेल. नाही म्हणालात तर मी तिकडे येईन आणि गिऱ्हाइकांसमोर दुकानातच डोळ्याखाली पट्टी लावीन, मला लाज नाही.

ता. क. २. पाकीट बंद करत होते तेवढ्यात मामीचा फोन आला. राग उतरलाय. तिने जे सांगितलं ते तुम्ही तिला सांगू नको म्हणाला होतात, तेव्हा तिला ओरडू नका, मला ओरडा. माझा तो निरोप आला त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना ‘काही होत नाही रे’ म्हणून घरी पाठवलंत, मग मागच्या टेबलाशी जाऊन कुणाचा तरी पांढरा शर्ट इस्तरी करत बसलात. मामी पडद्याआडून बघत होती, तुम्ही वळलात तेव्हा सापडली. म्हणाली, दोन थेंब पडले शर्टावर, आणि तुम्ही घाईने त्यावरून इस्तरी फिरवलीत.

ता. क. ३. मी पाकीट तसंच हातात घेऊन वर धावले. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मग मला विचारलं, मामांच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत मी काय लिहिलंय माहीत आहे का. तपासताना त्यांनी तुम्हाला सगळ्यांत आधी विचारलं होतं, रडताना डोळ्यांत पाणी येतं का; आणि तुम्ही म्हणाला होतात, इस्तरीवाल्याने रडून कसं चालेल, कपडा खराब होतो. त्यांनी उत्तराच्या जागी नुसती रेघ ओढली होती. जी ग्रंथी बंद पडली असेल, ती माणूस कितीही हेलावला तरी पाणी देत नाही, त्या म्हणाल्या. म्हणजे निळा, चांदी, जस्त, माझा अंगठा आणि नीळताईंची छत्री हे सगळं, तुम्ही एका साध्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असतंत तर लागलंच नसतं. मी हसत होते. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, एकाच डोळ्याची ग्रंथी चालू असेल तर अर्धंच उत्तर मिळालं; मामींना विचारा, दोन्ही थेंब एकाच डोळ्यातले होते का. मी तिथूनच फोन लावला. मामी म्हणाली, ते मी कसं सांगू, मला पाठ आणि खांद्यावरून टेबलावरचा शर्ट एवढंच दिसत होतं. पण एक कॉलरच्या डाव्या टोकावर पडला होता आणि एक उजव्या.